जिनिव्हा फोनवर उघडतं, मग गावाची ठराव बही का नाही?

इन्स्टावर एखादी पोस्ट 'अर्काइव्ह' केली की ती लोकांना दिसेनाशी होते. खऱ्या अर्काइव्हचं काम याच्या उलट असतं. तिथे कागद जपतात तो उद्या कुणीही येऊन मागावा म्हणून. मराठीत त्याला अभिलेखागार म्हणतात. शब्दच इतका जड की वाटतं, इतिहासात एमए करणाऱ्यांनी जावं तिकडे, आपलं काय काम! पण तुम्ही चंद्रपूर-गडचिरोलीत शिकत असाल, तर तुमचं तिथे इतरांपेक्षा जरा जास्तच काम आहे.

आधी लांबून सुरुवात करू. पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेला राष्ट्रसंघ 1946 मध्ये गुंडाळला गेला. संस्था संपली, तिचे कागद मात्र जिनिव्हात जपले गेले. 2009 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक स्मृतीच्या यादीत घेतलं. 2017 ते 2022 या काळात जवळपास सगळे स्कॅन झाले, 1 कोटी 40 लाखांच्या आसपास पानं. आज राजुऱ्याच्या बसस्टँडवर बसून तुम्ही ती फुकट बघू शकता. (भारत तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होता, तरी राष्ट्रसंघाचा सदस्य होता. म्हणजे आपलेही कागद तिथे आहेत.) इटलीत फ्लॉरेन्सला युरोपियन युनियनचं अभिलेखागार आहे. तिथला नियम मला फार आवडला: काही अपवाद सोडले तर 30 वर्षं झाली की संस्थांच्या फायली लोकांसाठी खुल्या होतात.

आता जिनिव्हातलाच एक कागद थेट आपल्या जंगलात येतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने, म्हणजे आयएलओने, 1957 मध्ये आदिवासींविषयी एक करार केला. त्याचा क्रमांक 107. त्याचं कलम 11 म्हणतं, की हे लोक परंपरेने ज्या जमिनीवर राहत आलेत, तिच्यावरची त्यांची मालकी, एकेकट्याची असो वा सामूहिक, मान्य केली पाहिजे. भारताने हा करार 29 सप्टेंबर 1958 ला स्वीकारला. आयएलओच्या नोंदीत ही तारीख आजही कुणालाही बघता येते.

आणि आपल्या देशात वनहक्क कायदा आला कधी? 2006 मध्ये. मधली 48 वर्षं मोजा. या काळात एटापल्ली-भामरागडकडच्या माणसाला स्वतःच्याच जंगलातून बांबू आणला म्हणून 'अतिक्रमण' आणि 'चोरी' हे शब्द ऐकावे लागले. त्याच काळात इथला बांबू बल्लारपूरच्या कारखान्यात जाऊन कागद होत होता. तो करार काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. आदिवासींनी हळूहळू बाकीच्यांत मिसळून जावं, हा त्याचा एकूण सूर. म्हणूनच 1989 मध्ये आयएलओने नवा, क्रमांक 169 चा करार आणला, आणि तो भारताने अजून स्वीकारलेला नाही. तरीही 107 चा उपयोग झाला. सन 2000 च्या नर्मदा निकालात सर्वोच्च न्यायालयाला त्याच्या कलम 12 चा विचार करावा लागला. निकाल आंदोलनाच्या बाजूने लागला नाही, हे खरं. पण सही केलेला कागद जपून ठेवलेला असला की 40 वर्षांनीही तो कोर्टात समोर धरता येतो.

आता गावात या.

वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेतच 'ऐतिहासिक अन्याय' झाल्याची कबुली आहे. पण हक्क मिळवायला पुरावा लागतो. नियम 13 मध्ये पुराव्यांची यादीच आहे: गॅझेटियर, जनगणना, सर्व्हे-सेटलमेंटचे अहवाल, नकाशे, वनखात्याच्या कार्य आयोजना, निस्तारपत्रक. शिवाय म्हाताऱ्या माणसांचं लिहून घेतलेलं निवेदनही चालतं. अर्जदार आदिवासी नसेल, तर 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, तिथे राहत असल्याचं दाखवावं लागतं. हिशोब करा, 1930 येतं. नागभीड-सिंदेवाहीकडच्या ढिवर किंवा कुणबी कुटुंबाने 1930 चा कागद आणायचा कुठून? तेव्हा आपण मध्य प्रांत-वऱ्हाडात होतो, राजधानी नागपूर. 1956 मध्ये मुंबई राज्यात गेलो, 1960 मध्ये महाराष्ट्रात आलो. 1982 मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा झाला. गाव जागचं हललं नाही, त्याचं सरकार मात्र बदलत राहिलं. दावा नामंजूर होतो तेव्हा दर वेळी हक्क खोटा असतो असं नाही, कित्येकदा कागद कुठल्या कचेरीत आहे हेच माहीत नसतं.

ज्यांनी कागद सांभाळले, त्यांचं काय झालं तेही बघा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशात सगळ्यांत आधी मिळालेल्यांपैकी एक. 27 एप्रिल 2011 ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. 'मावा नाटे, मावा राज' ही घोषणा सगळ्यांना पाठ आहे. पण या गावात वर्षानुवर्षं अभ्यासगट चालत होते, बैठका होत होत्या, निर्णय सर्वसहमतीने होत होते, हे आपण फारसं बोलत नाही. नुसत्या घोषणेवर 1,800 हेक्टर मिळत नसतं.

आज गडचिरोलीत हजाराहून जास्त सामूहिक दावे मान्य झालेत. कितीतरी ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात. पुड्यांचा हिशोब, ठेकेदाराशी केलेला करारनामा, कुणाला किती मजुरी, बोनस कसा वाटायचा याचा ठराव, सगळं वह्यांत आहे. माझ्या मते या वह्या राष्ट्रसंघाच्या फायलींइतक्याच राजकीय आहेत. लोक स्वतःचं राज्य कसं चालवतात, याचा तो दस्तऐवज. आणि त्या असतात कुठे? सचिवाच्या घरी लोखंडी पेटीत, नाहीतर मातीच्या भिंतीतल्या फळीवर. आपल्याकडची वाळवी आणि आपल्याकडचा पाऊस मी तुम्हाला वेगळा सांगायला नको.

मला वाटतं हे काम गोंडवाना विद्यापीठाने घ्यावं. 2011 पासून हे विद्यापीठ नेमकं याच दोन जिल्ह्यांसाठी आहे. ग्रामसभांच्या दस्तऐवजांचं अभिलेखागार इथे नाही करायचं, तर कुठे करायचं? मूळ वही गावातच राहावी, विद्यापीठाकडे फक्त स्कॅन जावा. कुठलं पान कुणाला दाखवायचं, हे ग्रामसभेने ठराव करून ठरवावं. ही अट मी मुद्दाम घालतेय. गावातली माहिती बाहेर गेली की कंपनी, ठेकेदार, कुणाच्याही हाती पडू शकते, ही गावाची भीती अगदी रास्त आहे. फ्लॉरेन्सचा 30 वर्षांचा नियम इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. तेंदूच्या चालू करारातले दर लगेच उघडे केले, तर पुढच्या लिलावात गावाचंच नुकसान.

विद्यापीठ करेल तेव्हा करेल. तुमचं रासेयोचं सात दिवसांचं शिबिर तर दर वर्षी होतंच. रस्ता झाडणं, पथनाट्य, समारोपाला सत्कार. त्यातले दोन दिवस काढा. आधी ग्रामसभेत विषय मांडून परवानगी घ्या. मग दिवसाच्या उजेडात फोनवर पानं स्कॅन करा, प्रत्येक फाइलला गावाचं नाव आणि तारीख द्या. एक प्रत पेनड्राइव्हमध्ये गावाला, एक गाव सांगेल तिथे. तुमच्यापैकी ज्यांना गोंडी किंवा माडिया येते, त्यांनी आजी-आजोबांकडे बसावं आणि जंगलाची हद्द कुठून कुठवर, मोह कुणाचा, कुठल्या नाल्यावर कुणाची मासेमारी, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावं. खाली तारीख आणि सही किंवा अंगठा. नियम 13 मध्ये हे बसतं. आणि ही माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत.