पेनड्राइव्हला मुभा, पण कोणाला?

अंधेरी-बोरिवली असो वा घाटकोपर-मुलुंड, उपनगरांतील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या कार्यालयांत जाडजूड नोंदवह्यांच्या जोडीला आता संगणक आला आहे. सभासदांचे दूरध्वनी क्रमांक, वारसनोंदी, थकबाकी, भाडेकरूंची ओळखपत्रे असे सारे त्यात साठते. नोंदवह्यांच्या कपाटाला कुलूप असते. संगणकाच्या यूएसबी खाचेला मात्र बहुधा राखणदार नसतो. हिशेबनीस, लेखापरीक्षकाचा मदतनीस, मावळता सचिव, ज्याच्या हाती पेनड्राइव्ह त्याच्या खिशात संस्थेची सारी माहिती!

हा निष्काळजीपणा यापुढे महागात पडू शकतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार तर मालकाच्या परवानगीशिवाय माहितीची नक्कल करणे भरपाईस पात्र ठरते, आणि काढता-घालता येणाऱ्या साठवण साधनांचा उल्लेख त्या कलमातच आहे. परंतु परवानगी कोणाला होती, हेच जेथे ठरलेले नाही, तेथे तक्रार तरी कशाच्या आधारे करायची?

मग सरसकट बंदी घालावी काय? अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २००८ मध्ये विषाणूच्या शिरकावानंतर पेनड्राइव्हवर बंदी घातली. २०१० मध्ये ती अटींसह शिथिल करावी लागली. काम अडले की माणसे पळवाटा शोधतात. म्हणून बंदीपेक्षा विभागणी बरी. विंडोजच्या प्रोफेशनल आवृत्तीतील ‘ग्रुप पॉलिसी’मध्ये पेनड्राइव्हवरून वाचणे, त्यावर लिहिणे आणि त्यातील प्रोग्राम चालवणे या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे रोखता येतात. प्रशासकाचे खाते एकाकडे आणि इतरांना साधी खाती, एवढ्याने सुरुवात होऊ शकते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. परवानगी पेनड्राइव्हच्या रक्षणासाठी पुरेशी नसते. फॅट आणि एक्सफॅट या प्रचलित रचनांमध्ये वापरकर्त्यानुसार परवानग्यांची सोयच नाही. एनटीएफएसमध्ये ती आहे. पण दुसऱ्या संगणकावर प्रशासक असलेली व्यक्ती मालकी आपल्याकडे घेऊन फाइल उघडू शकते. लोकलमध्ये हरवलेल्या पेनड्राइव्हचे रक्षण करते ते कूटबद्धीकरण. विंडोज ७ पासून ‘बिटलॉकर टू गो’च्या रूपाने ही सोय उपलब्ध आहे.

तंत्र अवघड नाही. अवघड आहे ते ‘आपलाच माणूस आहे’ ही भिडेची सवय मोडणे. धनादेशावर दोन सह्या लागतात, तेव्हा कोणी अविश्वासाचा आरोप करत नाही. मग माहिती बाहेर नेण्याची मुभा कोणाला आणि किती काळ, याचा ठराव व्यवस्थापक समितीने का करू नये? पदाधिकारी बदलला की त्याची मुभाही संपली पाहिजे. किल्ल्या परत घेण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. ती संगणकालाही लागू करायची, एवढेच.