सॉफ्टवेअर फुकट, पण कारागीर फुकट नव्हे

आपल्या बाजारपेठेत हल्ली एक तक्रार वारंवार ऐकू येते. मुलगा शिकला, एमआयडीसीत कामालाही लागला. पण घरी आला की जुना कॉम्प्युटर उघडून बसतो, मध्यरात्रीपर्यंत खटपट करतो आणि त्यातून चार पैसेही येत नाहीत. वडीलधारी मंडळी याला 'रिकामे उद्योग' म्हणतात. आमचे मत वेगळे आहे. हा रिकामा उद्योग नसून नव्या जमान्यातील कारागिरीची शागिर्दी आहे, आणि तिची कदर करण्यात आम्हा व्यापाऱ्यांचाच फायदा आहे.

हिंगण्यात आमच्या परिचयाचा असा एक तरुण आहे. दिवसा कारखान्याच्या स्टोअरमध्ये मालाची नोंद ठेवतो. संध्याकाळी जेवण उरकले की भंगाराच्या भावाने घेतलेले दोन कॉम्प्युटर समोर घेतो. त्याचा छंद म्हणजे लिनक्स. कॉम्प्युटर सुरू होताच त्याच्या सर्व भागांना कामाला लावणारी जी मूळ प्रणाली असते, तिचे हे एक नाव. बहुतेकांच्या दुकानात त्या जागी विंडोज असते. हा तरुण कधी डेबियन, कधी उबंटू, कधी मिंट अशी लिनक्सची निरनिराळी रूपे पेन ड्राइव्हवरून चढवतो, मोडतो, पुन्हा बसवतो. पावतीचा छोटा प्रिंटर चालेना, तर तीन रात्री त्याच्यामागे घालवतो. पडद्यावर चुकीची जी ओळ उमटते ती नीट वाचतो, संबंधित फाइल शोधतो, एक शब्द बदलतो, पुन्हा चालवून पाहतो. मागाच्या नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणारे मिस्त्री मोमिनपुऱ्यात आणि कामठीत आम्ही पाहिले आहेत. हा सब्र त्याच जातीचा आहे.

कापडाच्या धंद्यातील माणसाला ही विद्या परकी वाटण्याचे कारण नाही. फ्रान्सच्या जॅकार्डने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेने मागावर नक्षी काढण्याची युक्ती पक्की केली. पुठ्ठ्यात भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे तो खालीच राहतो. पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात याच पुठ्ठ्यांची कल्पना घेतली. म्हणजे यंत्राला हुकूम लिहून देण्याची रीत मागावरून कॉम्प्युटरकडे गेली आहे. विणकराच्या घरातील मूल प्रोग्राम लिहू लागले, तर ते परक्या घरी गेले असे समजू नये.

आता या लिनक्सची पैदास पाहा. १९९१ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने घरच्या कॉम्प्युटरवर छंद म्हणून हे काम सुरू केले आणि केलेले काम सर्वांसमोर खुले ठेवले. त्याआधी १९८३ पासून अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी स्वतंत्र सॉफ्टवेअरची चळवळ उभारली होती. त्यांनी तयार केलेला परवाना टोरवाल्ड्सने १९९२ मध्ये स्वीकारला. परवान्याचा मथितार्थ असा: हे वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा, हवे तर विका, मात्र ज्याला द्याल त्यालाही हेच सर्व हक्क द्या आणि मूळ लेखन त्याच्यापासून लपवू नका. उस्ताद एक पेच स्वतःजवळ राखून ठेवतो, ही आपल्याकडची जुनी रीत. इथे सगळे पेच शागिर्दापुढे मांडलेले असतात. आज हाताहातांत असलेल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्सच आहे, आणि २०१७ च्या अखेरीपासून जगातील सर्वांत वेगवान ५०० कॉम्प्युटरांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते.

इंग्रजीत 'स्वतंत्र' आणि 'विनामूल्य' या दोन्हींसाठी एकच शब्द असल्याने तिकडे मोठा गोंधळ झाला. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तिथे 'आझाद' वेगळा आणि 'मुफ्त' वेगळा. लिनक्स आधी आझाद आहे. बहुतेक वेळा ते मुफ्तही मिळते, ही वरची बरकत.

व्यापाऱ्याने याकडे आजच का पाहावे? मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. थोडी वाढीव मुदत मिळण्याची सोय ठेवली असली, तरी ती कायमची नाही. विंडोज ११ हे बऱ्याच जुन्या यंत्रांवर अधिकृतपणे बसत नाही. म्हणजे गल्ल्यावरचे चालते यंत्र एक तर भंगारात घालायचे किंवा सुरक्षेच्या दुरुस्तीवाचून तसेच दामटायचे. तिसरा मार्ग बाजारात सर्रास चालतो, तो चोरीच्या कॉपीचा. मापात एक सूत कमी दिले तर आपण त्याला बेइमानी म्हणतो; मग दुसऱ्याच्या मेहनतीची चोरून केलेली नक्कल गल्ल्यावर कशी चालते? शिवाय अशा कॉपीबरोबर व्हायरसही येऊ शकतो. लिनक्समुळे चौथा मार्ग मोकळा होतो, आणि तो सरळ आहे.

हिशेबाचेही असेच. मुंबईत दृष्टिहीन प्रोग्रामर कृष्णकांत माने यांच्या पुढाकाराने छोट्या व्यावसायिकांसाठी 'जीएनयूखाता' हे आझाद हिशेब सॉफ्टवेअर उभे राहिले. मुंबईचेच रुषभ मेहता यांना घरच्या फर्निचरच्या धंद्यात हिशेब आणि मालाची व्यवस्था बसवताना ज्या अडचणी आल्या, त्यांतून 'ईआरपीनेक्स्ट' जन्मले. त्यांची कंपनी २००८ ची, आणि हे सॉफ्टवेअर आज परदेशातही वापरले जाते. व्यापारी घरातील मुलाची खटपट कुठवर जाऊ शकते, याचा हा दाखला आहे.

तथापि आम्ही कोणाला डोळे मिटून उडी मारायला सांगत नाही. टॅली थेट लिनक्सवर चालत नाही. उर्दू छपाईवाल्यांचे इनपेज हेही थेट लिनक्सवर चालत नाही. तेव्हा बिलाचे यंत्र लगेच बदलू नये. अडगळीत पडलेल्या यंत्रावर पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे. त्यासाठी आतले काही पुसावे लागत नाही. प्रिंटर आणि इंटरनेट चालते का ते तपासावे. मग आधी गोदामाचा साठा, पत्रव्यवहार आणि उधारीची यादी लिब्रेऑफिसवर आणावी. मराठी आणि उर्दू दोन्ही लिपी त्यात लिहिता येतात. ज्याला शिकायचे आहे त्याच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतही आहेत.

शेवटची गोष्ट आमच्या व्यापारी बांधवांना कडू लागेल. असा मुलगा दुकानात आला की आपण म्हणतो, "बेटा, जरा बघून दे." तो दोन तास बसतो, यंत्र सुरू करून देतो आणि चहा पिऊन जातो. सॉफ्टवेअर फुकट मिळाले म्हणून माणूसही फुकट, असा हिशेब आपण धरतो. माग दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला आपण कधी चहावर परत पाठवले आहे काय? लिनक्सवरच धंदा उभारलेली रेड हॅट ही अमेरिकन कंपनी आयबीएमने २०१९ मध्ये सुमारे ३४ अब्ज डॉलरना घेतली. ती कंपनी सॉफ्टवेअर खुले ठेवूनही पैसे कमावत होती, ते देखभालीचे आणि जबाबदारीचे. हिंगण्याच्या मुलाजवळही विकण्यासारखे तेच आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. बाजारातील चार-पाच दुकानांनी मिळून अशा एका तरुणाला दरमहा ठराविक रक्कम बांधून द्यावी. यंत्रे नीट ठेवणे, दर आठवड्याला हिशेबाची नक्कल वेगळी जपणे आणि नोकरांना शिकवणे हे त्याच्याकडे सोपवावे. तरुणांनीही प्रणाली चढवून थांबू नये. दुकानाचे चलन, मालाचा साठा आणि जीएसटीचा हिशेब समजून घ्यावा, दिलेली वेळ पाळावी आणि केलेल्या कामाची नोंद लिहून ठेवावी. यंत्रावरचा हात त्यांनी रात्री जागून बसवलाच आहे. त्याला बाजारात काम आणि कामाला दाम देणे, हे आपल्या हाती आहे.