छेद लहान, म्हणून जोखीमही लहान?

दीर्घकाळ टिकणाऱ्या टाचदुखीविषयी सध्या एक मत मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते, ते असे की टाचेचे हाड वाढल्यामुळे हे दुखणे होते, व्यायामाने ते हटत नाही, आणि इंजेक्शन, शॉकवेव्ह किंवा दुर्बिणीची शस्त्रक्रिया असे फारशी चिरफाड नसलेले उपाय उपलब्ध असताना रुग्णाने महिनोन्‌महिने कळ काढण्यात अर्थ नाही. यातील पहिले विधानच मुळात टिकत नाही.

एक्स-रे उजेडासमोर धरला की टाचेखालून पुढे आलेले हाडाचे टोक ठळक दिसते आणि रुग्णाची खात्री पटते की हाच तो काटा. परंतु टाच कधीही न दुखलेल्या अनेकांच्या एक्स-रेतही असे टोक आढळते, आणि दुखणे गेल्यावरही ते जिथल्या तिथेच राहते. दुखण्याचे मूळ बहुधा प्लांटार फॅशिया या पट्टीत असते. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्याखालून गेलेली ही जाड, तंतुमय पट्टी पायाची कमान तोलून धरते. चालताना टाच उचलून बोटे वर वळली की ती ताणली जाते आणि कमान घट्ट होते, ही यंत्रणा जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये उलगडून दाखवली. रात्रभर सैल राहिलेल्या या पट्टीवर अंथरुणातून उठताच सगळा भार पडतो, म्हणूनच सकाळची पहिली पावले सर्वांत जास्त दुखतात. हार्वी लेमाँट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या ५० रुग्णांच्या ऊतींचे सूक्ष्मदर्शकाखालील निष्कर्ष पडताळले, तेव्हा त्यांना दाहाऐवजी तंतूंचा ऱ्हास दिसला. जुनाट दुखणे मुख्यतः झिजेचे असेल, तर दाह शमवणाऱ्या स्टेरॉइडकडून कायमच्या गुणाची अपेक्षा कशाच्या आधारावर करायची?

स्टेरॉइडने आराम पडतो, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र तो साधारण महिनाभराचा असतो, आणि त्याची किंमत कधीकधी भारी पडते. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७६५ रुग्णांच्या आढाव्यात ५१ जणांची पट्टी तुटलेली आढळली, आणि त्यांपैकी ४४ जणांच्या बाबतीत स्टेरॉइडच्या इंजेक्शनशी संबंध दिसला. टाचेखालील चरबीची गादी विरळ होण्याचा धोकाही असतो. सुईचे छिद्र दिसत नाही एवढ्यावरून उपचार निर्धोक ठरवणे हा भाबडेपणा आहे.

शॉकवेव्ह, म्हणजे त्वचा न छेदता बाहेरून दिले जाणारे ध्वनिलहरींचे तडाखे, याबाबत पुरावा दोन्ही बाजूंनी बोलतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००० मध्ये अशा यंत्राला मान्यता दिली; २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात १६६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत मात्र खऱ्या आणि नकली लहरींत फरक दिसला नाही. पुढे २०१५ च्या २५० रुग्णांच्या चाचणीत लाभ स्पष्ट झाला: खऱ्या लहरींनी दुखणे सुमारे ६९ टक्क्यांनी कमी झाले, तर नकली लहरींनीही सुमारे ३५ टक्क्यांनी. हा दुसरा आकडा जाहिरातीत सहसा छापला जात नाही! रुग्णाच्याच रक्तातील बिंबिका एकवटून टोचण्याच्या पीआरपी उपचाराचा परिणाम स्टेरॉइडपेक्षा अधिक टिकतो असे काही चाचण्या सांगतात. पण त्या लहान आहेत आणि मिश्रण तयार करण्याची पद्धत जागोजागी वेगळी आहे. बॅरेट आणि डे यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत छेद नखाएवढा असला, तरी आत कापली जाते ती कमानीचा आधार असलेली पट्टीच. ती प्रमाणाबाहेर कापली गेल्यास कमान खचते आणि पायाची बाहेरची बाजू दुखू लागते.

याउलट, हे सारे उपचार म्हणजे निव्वळ धंदा, असे म्हणणारेही चुकतात. सहा-आठ महिने नेटाने व्यायाम करूनही ज्याचे दुखणे हटत नाही, त्याला शॉकवेव्ह नाकारणे अन्यायाचे होईल, आणि त्यानंतर मोजक्या रुग्णांना पट्टीचा आतला भाग मर्यादित प्रमाणात कापण्याचा उपयोगही होतो. वाद उपचारांच्या असण्याबद्दल नाही, त्यांच्या क्रमाबद्दल आहे.

तो क्रम पट्टीच्या ताणापासून सुरू व्हावा. डिजोव्हानी यांनी २००३ मध्ये तपासलेला व्यायाम असा: सकाळी पाय जमिनीवर टेकण्यापूर्वी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावा, बोटे हाताने नडगीकडे ओढावीत, तळव्याची पट्टी तारेसारखी ताठ लागते का ते दुसऱ्या हाताने चाचपावे, आणि दहा आकडे मोजेपर्यंत धरावे, असे दहादा, दिवसातून तीन वेळा. डेन्मार्कमधील २०१४ च्या चाचणीत बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून पायरीवर एका पायाने टाच सावकाश उचलण्याचा व्यायाम दिवसाआड करणाऱ्यांना तीन महिन्यांनी केवळ ताण देणाऱ्यांपेक्षा अधिक आराम पडला. वर्षभरात बहुसंख्य रुग्ण सुईशिवाय बरे होतात. मात्र तरुण वयात दोन्ही टाचा दुखून सकाळी कंबरही आखडत असेल, किंवा टाचेला बधिरपणा व मुंग्या असतील, तर आधी निदान पुन्हा तपासावे, कारण अशा दुखण्याचे मूळ सांध्यांच्या किंवा नसेच्या विकारात असू शकते.

म्हणून पहिल्याच भेटीत इंजेक्शनचा सल्ला मिळाल्यास रुग्णाने दोन गोष्टी विचाराव्यात: याचा आराम किती महिने टिकेल, आणि व्यायाम कोण शिकवणार?