तीनशे हाडांचा हिशेब: सुश्रुताला २०६च्या परीक्षेला बसवणाऱ्यांसाठी

१/ सुश्रुतसंहिता मानवी शरीरात ३०० अस्थी सांगते. आजचे शारीरशास्त्र २०६ सांगते. या ९४च्या फरकावर समाजमाध्यमांत दोन फौजा उभ्या ठाकल्या आहेत. एकीच्या मते प्राचीनांना धड मोजताही येत नव्हते. दुसरीच्या मते नवजात अर्भकाच्या शरीरात सुमारे ३०० हाडे असतात आणि सुश्रुताने नेमकी तीच मोजली. दोन्ही फौजांनी मूळ ग्रंथ उघडलेला दिसत नाही.

२/ आधी अर्भकाचा दावा पाहू. शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात पूर्ण जमाखर्च दिलेला आहे. हातापायांत १२०, धडात ११७ आणि मानेपासून वर ६३. या ६३पैकी तब्बल ३२ दात आहेत! बत्तीस दात घेऊन जन्मलेले अर्भक कोणी पाहिले आहे? ज्या यादीच्या आधारे सुश्रुताला ‘वाचवले’ जाते, तीच यादी हा बचाव मोडीत काढते. मोजलेले शरीर प्रौढाचे होते.

३/ मग ३०० आले कोठून? ‘अस्थी’ या शब्दाच्या व्याप्तीतून. संहिता अस्थींचे पाच प्रकार मानते: कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. रुचक म्हणजे दात. तरुण म्हणजे नाक, कान अशा ठिकाणचा लवचीक भाग. आज त्याला कूर्चा म्हणतात. कंठनाडीचे चार आणि नाकाचे तीन घटकही म्हणूनच अस्थींच्या यादीत येतात. व्याख्या रुंद असेल, तर आकडा वाढणारच.

४/ २०६ हा आकडा तरी आभाळातून पडला आहे काय? त्यातही कानांतील सहा चिमुकली हाडे धरली जातात आणि दात वगळले जातात. गुडघ्याची वाटी मोजली जाते. पण पायाच्या अंगठ्याखालची तशाच जातीची बारीक हाडे मोजली जात नाहीत. आकड्यामागे नेहमीच एक संकेत असतो. तो न सांगता दोन आकडे शेजारी ठेवणे म्हणजे मण आणि किलो यांची वजाबाकी करणे होय.

५/ ही गोष्ट प्राचीनांना ठाऊक होती. चरकसंहितेत ३६० अस्थी आहेत, कारण तेथे ३२ दातांखेरीज दातांच्या ३२ उखळी आणि २० नखेही धरली आहेत. सुश्रुतसंहिता या ३६०च्या मताची नोंद घेते आणि शल्यतंत्रात मात्र ३०० असे स्वतंत्रपणे बजावते. शस्त्र हाती धरणाऱ्याची गणना वेगळी असते, हे भान त्या मजकुरात आहे. ‘प्राचीन भारताचा आकडा’ असा एकच आकडा कधी नव्हताच.

६/ आता पहिल्या फौजेकडे वळू. मोजताच येत नसणाऱ्यांनी शवपरीक्षेची रीत इतक्या तपशिलाने लिहिली असती काय? शव सर्वांगपूर्ण हवे. ते विषाने किंवा दीर्घ आजाराने मेलेल्याचे नको. आतड्यांतील मळ काढून ते मुंज, ताग अशा तंतूंनी गुंडाळायचे, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सोडायचे. सात रात्रींनी बाहेर काढून वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंत एकेक अंग डोळ्यांनी पाहायचे.

७/ सांध्यांचेही तसेच. एकूण २१०, त्यांत काही हलणारे, काही स्थिर. खांदा आणि जांघ येथे ‘उलूखल’, कवटीत शिवणीसारखा ‘तुन्नसेवनी’. मराठी शाळेत आजही ‘उखळीचा सांधा’ शिकवला जातो. पण साम्य दिसले की टाळ्या पिटण्याचे कारण नाही: ‘उलूखल’ गटात दातांच्या खोबणीही आहेत आणि दात खांद्यासारखे फिरत नाहीत. ते वर्गीकरण प्रामुख्याने आकाराचे आहे, हालचालीचे नव्हे.

८/ आणि चुका? आहेत. त्या झाकणे हा आदर नव्हे. प्रत्येक बोटाला तीन अस्थी धरून पाचांच्या पंधरा केल्या आहेत. अंगठ्यात मात्र दोनच असतात. एका पायाच्या तीस अस्थी मोजून हातालाही तोच हिशेब लावला आहे, तळपायाच्या टाचेसकट. हाताला टाच कोठून येणार? येथे डोळ्यांवर सममितीच्या हौसेने मात केली आहे. १९०७ मध्ये रुडॉल्फ हर्न्ले यांनी प्राचीन भारतीय अस्थिविद्येवरील ग्रंथात या याद्यांची ओळीओळीने छाननी केली, ती याचसाठी.

९/ हसण्यापूर्वी युरोपकडेही पाहावे. गॅलेनने माकडे आणि डुकरे फाडून माणसाचे शरीर लिहिले आणि खालचा जबडा दोन हाडांचा ठरवला. सुश्रुतसंहितेतही हनूच्या अस्थी दोनच आहेत. १५४३ मध्ये वेसेलियसने मानवी शव समोर ठेवून गॅलेनला दुरुस्त केले. मोठेपणा चूक न होण्यात नव्हता. पूज्य ग्रंथ आणि समोरचे शरीर यांत भांडण लागल्यावर शरीराची बाजू घेण्यात होता.

१०/ ते धैर्य येथेही दिसले. पंडित मधुसूदन गुप्त यांनी १८३५-३६ मध्ये सुश्रुतसंहितेची छापील आवृत्ती संपादित केली आणि १८३६ मध्येच कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात, शवस्पर्शाचा विटाळ मानणाऱ्या समाजात, शवविच्छेदनासाठी शस्त्र हाती घेतले. एकाच माणसाने ग्रंथही जपला आणि शरीरही तपासले.

११/ सुश्रुताला २०६च्या परीक्षेत उत्तीर्ण करण्यासाठी अर्भक उभे करणारे लोक त्याचा गौरव करत नाहीत. आजचा आकडाच अंतिम मानून ते त्याला शरण नेतात. त्याला नापास करून हसणारेही तीच परीक्षा घेत असतात. ज्या अध्यायात डोळ्यांनी पाहिलेले आणि शास्त्रात वाचलेले यांची सांगड घालण्याचा आग्रह आहे, त्याच अध्यायावरचे वाद न वाचता चालावेत, यापरता उपहास कोणता? पुढचा संदेश पुढे ढकलण्यापूर्वी शारीरस्थानाचा पाचवा अध्याय उघडावा आणि हाडे स्वतः मोजावीत.