चावी कोणाकडे?

नेटवर्क स्विचचा पासवर्ड कागदावर लिहून ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या क्षेत्रातले लोक कपाळावर हात मारून घेतील. घेऊ देत.

स्विच म्हणजे ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर ज्याला जोडलेले असतात तो कपाटावर धूळ खात पडलेला डबा. त्याच्या आत शिरायच्या वाटा दोन. पहिली कन्सोलची: लॅपटॉप घेऊन डब्यापाशी जायचं, निळी चपटी केबल लावायची, ९६०० चा वेग ठेवायचा. दुसरी दुरून: टेलनेट नाहीतर एसएसएच. टेलनेटवर पासवर्ड पोस्टकार्डावरच्या मजकुरासारखा उघडा जातो. हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी असेच पासवर्ड टिपले, म्हणून १९९५ मध्ये तिथल्याच तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. त्याला तीस वर्षं उलटली, तरी टेलनेट काही मरत नाही.

कुंडल माझं आजोळ. तिथल्या एका छोट्या संस्थेत मागे स्विच बघायला गेलो होतो. (इंजिनिअर नातू गावात आला की त्याला प्रिंटरपासून मोबाईलपर्यंत सगळं दाखवतात, तसंच हे.) पासवर्ड विचारला तर सेक्रेटरी म्हणाले, "त्यो त्या पोराकडं हाय. पर त्यानं नोकरी सोडली, पुण्याला गेलाय." म्हणजे डबा यांचा, बिल यांनी भरलं, आणि चावी पुण्याला! वर टेलनेट बाहेरच्या जगाला उघडं. त्या पोराला घरबसल्या दुरुस्ती करता यावी म्हणून. तो सज्जन असेलही, पण टेलनेटला तो आणि चोर यांच्यातला फरक कळत नाही.

२००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराचं हेच झालं, फक्त मोठ्या प्रमाणावर. महापालिकेच्या नेटवर्कचे पासवर्ड टेरी चाइल्ड्स या एकाच इंजिनिअरकडे होते आणि तो ते द्यायला तयार नव्हता. अटक झाल्यावरही त्याने तोंड उघडलं नाही. शेवटी तुरुंगात भेटायला आलेल्या महापौर गेव्हिन न्यूसम यांच्याच हाती त्याने ते दिले. २०१० मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या हट्टावर भरपूर लिहिलं गेलं. मला प्रश्न पडतो तो वेगळाच: एवढ्या मोठ्या शहराकडे पासवर्डची दुसरी प्रत का नव्हती?

आता कुणी म्हणेल, कन्सोल आहेच की. आहेच. बहुतेक सिस्को कॅटॅलिस्ट स्विचवर पुढचं मोड बटण दाबून धरत वीज चालू केली की जुना पासवर्ड बाजूला सारून आत जाता येतं. आम्हीही तेच केलं. पण जे आम्हाला जमलं ते त्या खोलीत शिरणाऱ्या कुणालाही जमेल. त्यामुळे कन्सोलचा पासवर्ड लावाच, पण खरी सुरक्षा कपाटाच्या कुलपात आहे.

दुरून लॉगिनचं म्हणाल तर टेलनेट बंद, एसएसएच चालू, आणि तेही ऑफिसातल्या ठरावीक पत्त्यांवरूनच. इथे एक गंमत बघा. दुरून येणाऱ्यांसाठी अशा स्विचवर सहसा सोळा लाईन असतात, ० ते १५. आमची मंडळी ० ते ४ पक्क्या करतात आणि ५ ते १५ वर जुनं टेलनेट तसंच ठेवतात. पुढच्या दाराला नवं कुलूप, मागचं दार सताड उघडं! शिवाय प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं खातं द्या. 'अ‍ॅडमिन' या एकाच खात्याने पाच जण आत जात असतील, तर नोकरी सोडून गेलेल्याला बंद कसं करणार?

कन्सोलला कमी लेखू नका, हे मात्र कुंडलच्या माणसाला वेगळं सांगायला नको. १९४३ मध्ये इथल्याच तूफान सेनेने शेणोलीला पगाराचे पैसे नेणारी रेल्वे लुटली. प्रतिसरकारच्या त्या काळात साताऱ्यात तारा तोडणं हे नेहमीचं हत्यार होतं, कारण तार तुटली की कचेरीचा हुकूम गावात पोचत नाही. एसएसएचचंही तेच. नेटवर्क झोपलं की दुरून काही करता येत नाही. डब्यापाशी जाऊन केबल लावावीच लागते.

असो. तर त्या कागदाचं. सेक्रेटरींना मी पासवर्ड लिहून पाकिटात बंद करायला लावला, पाकिटावर दोन सह्या घेतल्या आणि ते तिजोरीत गेलं. "उघडलं की पासवर्ड बदलायचा," असं सांगितलं, तर म्हणाले, "म्हंजी आमच्या लॉकरच्या दुसऱ्या किल्लीसारखं की!" अगदी तसंच. पुण्यातल्या मोठ्या कंपन्यांच्या मीटिंगमध्ये हेच समजावायला मला पंचवीस स्लाईड लागतात.

आता राहिली केबल. नव्या लॅपटॉपना सिरियल पोर्ट नसतो, तेव्हा यूएसबीचा कन्व्हर्टरही लागेल. दोन्ही त्याच कपाटात ठेवा, आणि ठेवण्याआधी एकदा लावून बघा.