गॅसवाल्याची परीक्षा

घरांत डॉक्टर बोलवावयाचा असो कीं दागिना सोनाराकडे टाकावयाचा असो, आपण दहा ठिकाणीं चौकशी करतों. पण शेगडीची नळी बसविण्यास कोणी आला, तर त्यास "हें काम आपण कोठें शिकलांत?" असें विचारणारें घर आमच्या पाहण्यांत क्वचितच येतें. विलायतेंत हा प्रश्न विचारण्याची पद्धत कशी पडली, तें आज सांगावें असा आमचा मानस आहे. कारण आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें-सुना त्या देशांत बिऱ्हाड करून राहिलीं आहेत.

१९६८ सालच्या मे महिन्याच्या १६ तारखेस, पहाटे पावणेसहाच्या सुमारास, पूर्व लंडनमधील रोनन पॉइंट नांवाच्या बावीस मजली इमारतींत अठराव्या मजल्यावर एका बाईंनीं चहासाठीं काडी ओढली. खोलींत गॅस सांठला होता. स्फोटानें भिंत बाहेर फेकली गेली, आणि तिच्या आधारावरील मजले कोसळून इमारतीचा एक कोपराच खालीं आला. चार माणसें दगावलीं. चहा करणाऱ्या बाई मात्र वांचल्या. चौकशींत निघालें तें असें कीं, शेगडीस नळी जोडणारा पितळेचा नट हलक्या प्रतीचा होता व तो तडकला होता. बांधणींतहि मोठा दोष होता आणि त्यामुळें बांधकामाचे नियम पुढें बदलले, हें खरें. पण निमित्त त्या एवढ्याशा नटाचें!

१९७० सालीं गॅसचें काम करणारांची नोंदवही तेथें सुरू झाली. प्रथम ती ऐच्छिक होती. १९९१ पासून सक्तीची झाली. २००९ च्या एप्रिलपासून तिची जागा 'गॅस सेफ रजिस्टर'नें घेतली आहे. तींत नांव नसतां दुसऱ्याच्या घरीं पैसे घेऊन हें काम करणें हा गुन्हा आहे.

नांव लागण्यापूर्वीं परीक्षा द्यावी लागते. ती लेखी असते तशी हातानें करून दाखविण्याचीहि असते. उमेदवारास नळी गळते कीं नाहीं हें पाण्याच्या नळीनें मोजून दाखवावें लागतें. घरांतील गॅसचा दाब म्हणजे जवळजवळ वीतभर पाण्याचा दाब. तो चढवून चावी बंद करावयाची, एक मिनिट थांबावयाचें, आणि पुढील दोन मिनिटें पाण्याची रेघ हलते कीं काय तें पाहावयाचें. ऐकावयास सोपें, पण घाईच्या माणसाकडून हींच तीन मिनिटें सुटतात.

दर पांच वर्षांनीं ही परीक्षा पुन्हा द्यावी लागते. वीस वर्षें हत्यार धरलेल्या कारागिरास पुन्हा बाकावर बसविणें कित्येकांस अपमानाचें वाटतें, व शुल्काची त्यांची तक्रार आम्हांस अगदींच अवाजवी वाटत नाहीं. पण उपकरणें बदलतात, नियम बदलतात, आणि हाताला लागलेली चुकीची संवय माणसास स्वतःस दिसत नाहीं. म्हणून आम्ही या बाबतींत परीक्षकांच्या बाजूचे आहोंत.

उत्तीर्ण कारागिरास छायाचित्राचें कार्ड मिळतें. पुढील बाजूस क्रमांक व मुदत असते. पण पाहावयाची ती मागील बाजू. शेगडी, पाणी तापविण्याचा बॉयलर, खोली उबदार ठेवणारी गॅसची चूल, यांपैकीं कोणत्या कामास तो लायक ठरला आहे तें तेथें लिहिलेलें असतें. शेगडीचा जाणता बॉयलरचा जाणता असतोच असें नाहीं. नळाचा गॅस आणि सिलिंडरचा गॅस यांच्याहि लायक्या निरनिराळ्या आहेत.

मुलांस पत्र लिहाल तेव्हां एवढें अवश्य विचारा. भाड्याचें घर असेल तर घरमालकानें आपलीं गॅसचीं उपकरणें दर बारा महिन्यांच्या आंत नोंदलेल्या कारागिराकडून तपासून घेतलींच पाहिजेत, व त्या तपासणीचा कागद नव्या भाडेकऱ्यास राहावयास येण्यापूर्वींच दिला पाहिजे. आपलीं मुलें भिडस्त. घर मिळालें या आनंदांत तो मागावयाचा राहून जातो. गळक्या गॅसला मुद्दाम मिसळलेला उग्र वास तरी येतो. परंतु अर्धवट जळणाऱ्या गॅसपासून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाहीं, रंग नाहीं, चव नाहीं. ज्योत निळी असावयाची ती पिवळी व मंद दिसूं लागली, उपकरणाभोंवतीं काजळी धरली, किंवा घरांत डोकें दुखून मळमळतें व बाहेर पडतांच बरें वाटतें असा अनुभव येऊं लागला, तर थंडीचा विचार न करतां खिडक्या उघडाव्या, उपकरण बंद करावें, सर्वांनीं घराबाहेर पडावें, डॉक्टरास दाखवावें, आणि नोंदलेल्या कारागिरानें पाहिल्याखेरीज तें पुन्हा पेटवूं नये.