एका रात्रीचा मुक्काम



मराठीत पत्ता लिहिताना आपण गावाच्या नावाआधी ‘मु. पो.’ अशी अक्षरे लिहितो. ‘मु.’ म्हणजे मुक्काम आणि ‘पो.’ म्हणजे पोस्ट. हा ‘मुक्काम’ शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूतला ‘मुकाम’ तो हाच. अरबी भाषेतून निघालेला हा शब्द मराठीत आला आणि इथेच राहिला. माणूस जिथे राहतो ती जागा म्हणजे मुक्काम, आणि प्रवासात तो जिथे एखादी रात्र काढतो तीही जागा म्हणजे मुक्कामच. अशाच एका रात्रीच्या मुक्कामाविषयी आज मला तुमच्याशी बोलायचे आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. एखादे शहर चांगले की वाईट, हे ओळखायचे असेल तर रात्री उशिरा त्याच्या रेल्वे स्टेशनसमोरच्या साध्या लॉजमध्ये जावे. थकलेल्या, अनोळखी आणि गरीब मुसाफिराशी तिथे कसे बोलतात ते पाहावे. शहराची खरी परीक्षा तिथे होते.

आपल्याकडे ‘हॉटेल’ म्हटले की चहा, भजी आणि मिसळ डोळ्यांसमोर येते. राहण्याची सोय असेल तर लोक ‘लॉज’ म्हणतात. पुणे स्टेशनच्या बाहेर येऊन रस्ता ओलांडला की विल्सन गार्डनच्या बाजूला अशी लहान लहान लॉज दिसतात. अरुंद जिना, छोटी खोली, दोन कॉट, दोन उशा, छताला पंखा, एक बादली आणि एक मग. एवढाच तिथला थाट! पण या खोल्यांत कोण उतरते, याचा कधी विचार केला आहे का? स्पर्धा परीक्षेला आलेला खेड्यातला मुलगा, सुटीवर घरी निघालेला जवान, माल खरेदी करायला आलेला छोटा दुकानदार, मंडळाच्या किंवा बालभारतीच्या कामासाठी आलेले शिक्षक, आणि ससून रुग्णालयात आपल्या माणसाला घेऊन आलेले नातेवाईक. यांतल्या कोणालाही मोठ्या हॉटेलचे भाडे परवडत नाही. मोठ्या स्थानकांवर रेल्वेचे विश्रामकक्ष असतात, परंतु ते थोडे असतात आणि तिकीट असलेल्या प्रवाशालाच मिळतात. म्हणून ही लहान लॉज म्हणजे सामान्य माणसाचा मोठा आधार आहे.

पुण्यात असे मुसाफिर फार पूर्वीपासून येत आहेत. १४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे ही रेल्वे सुरू झाली. तेव्हा बोरघाटातला लोहमार्ग तयार नव्हता. मुंबईहून येणारा प्रवासी घाटाखाली उतरे, घाट रस्त्याने चढे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसे. १८६३ साली घाटातला मार्ग पूर्ण झाला आणि मुंबई व पुणे ही शहरे रुळांनी जोडली गेली. पुणे स्टेशनची आजची दगडी इमारत १९२५ सालची आहे. गाडी आली की माणसे येणार, आणि माणसे आली की त्यांना पाठ टेकायला जागा लागणार. स्टेशनभोवतीची वस्ती अशीच वाढते.

आता माझी गोष्ट सांगतो. २०१८ सालच्या जुलै महिन्यात मी माझ्या अब्बांना ससूनमध्ये दाखवायला सोलापूर जिल्ह्यातून पुण्याला आणले. गाडीला उशीर झाला. आम्ही स्टेशनबाहेर आलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. पाऊस पडत होता. अब्बांच्या एका हातात काठी होती आणि दुसऱ्या हातात जुन्या रिपोर्टांची पिशवी. ती भिजू नये म्हणून त्यांनी ती सदऱ्याच्या आत धरली होती.

पहिल्या लॉजमध्ये व्यवस्थापकाने आधी विचारले, “किती जण? किती दिवस?” मी म्हणालो, “दोघे. एक रात्र.” त्याने भाडे सांगितले. मला ते मान्य होते. मग त्याने ओळखपत्र मागितले. मी ते पुढे केले. त्याने नाव वाचले, एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा अब्बांच्या दाढीकडे पाहिले आणि ओळखपत्र परत करीत म्हटले, “खोली शिल्लक नाही. फुल आहे.”

आम्ही जिन्याच्या खालच्या पायरीवर थांबून पाऊस कमी होण्याची वाट पाहू लागलो. तेवढ्यात एक गृहस्थ बॅग घेऊन वर गेले. थोड्या वेळाने वरून आवाज आला, “साहेबांना दोनशे चार उघडून दे रे!”

मी वर जायला निघालो. अब्बांनी माझा हात धरला. ते म्हणाले, “चल बेटा, दुसरीकडे पाहू.” ते एवढेच बोलले. पण त्या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मुलासमोर आपला अपमान झाला, याचे त्यांना वाईट वाटले असावे.

चार दारे पुढे दुसरे लॉज होते. तिथे काउंटरवर एक वयस्कर गृहस्थ वही लिहीत बसले होते. त्यांनीही ओळखपत्र मागितले. माझ्या छातीत धडधडू लागले. त्यांनी नाव वहीत उतरवून घेतले, वेळ लिहिली, माझी सही घेतली आणि अब्बांना म्हणाले, “चाचा, बसा खुर्चीवर. जिना चढवेल का तुम्हांला? नाहीतर खालची खोली देतो. जरा लहान आहे, पण दार काउंटरच्या समोरच आहे. रात्री काही लागलं तर हाक मारा.” मग त्यांनी पोराला सांगून एक कोरडा टॉवेल आणवला. ससूनला जायचे आहे हे कळल्यावर म्हणाले, “नंबर लावायला लवकर जा. पहाटे पाचला गरम पाण्याची बादली दारात ठेवायला सांगतो.”

त्या खोलीच्या भिंतींना ओल आली होती. पंखा कुरकुरत होता. पण अब्बांना लगेच झोप लागली. पहाटे पाच वाजता दारावर टकटक झाली. गरम पाण्याची बादली आली होती.

ही हकिकत मी पुढे वर्गात सांगितली तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, दोघांनीही ओळखपत्र मागितले. मग फरक काय?” प्रश्न फार चांगला होता. तुम्हीही त्याचा विचार करा.

लॉजमध्ये ओळखपत्र पाहणे आणि वहीत नोंद करणे यात काहीही गैर नाही. १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्यात कोरेगाव पार्कमधल्या जर्मन बेकरीत बॉम्बस्फोट झाला. त्यात १७ माणसे मरण पावली. अशा घटनांनंतर लॉजवाल्याला भीती वाटते, पोलीस त्याची वही तपासतात, हे आपण समजून घेतले पाहिजे. नोंद सर्वांचीच असावी आणि नीट असावी. त्यात आपलेही संरक्षण आहे. परंतु नोंद करणे वेगळे आणि नाव वाचून दार बंद करणे वेगळे. नोंदीमुळे खोलीत कोण उतरला आहे ते कळते. नकारामुळे मात्र काहीच कळत नाही. एक म्हातारा माणूस पावसात भिजतो, एवढेच होते. एकाच कागदाचा एकाने काळजी घेण्यासाठी उपयोग केला, दुसऱ्याने माणूस गाळण्यासाठी. फरक तो हाच.

त्या दिवशी सकाळी आम्ही ससूनकडे निघालो. त्याच परिसरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. त्याच्याकडे पाहताना मला बडोद्याची गोष्ट आठवली. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून आले. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते शिकले होते, म्हणून नोकरीसाठी बडोद्याला गेले. एवढा विद्वान माणूस, पण त्यांना राहायला जागा मिळेना! शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काही लोक हातांत काठ्या घेऊन आले आणि त्यांनी बाबासाहेबांना तिथून जायला भाग पाडले. दोन स्नेह्यांकडे त्यांनी आसरा मागितला, तोही मिळाला नाही. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत त्यांना एका सार्वजनिक बागेत बसून राहावे लागले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

पुढे हेच बाबासाहेब भारताच्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. २६ जानेवारी १९५० पासून आपले संविधान अमलात आले. त्यातल्या १५ व्या कलमाचा दुसरा भाग तुम्ही जरूर वाचा. केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीच्या जागा येथे अडवता येणार नाही, असा त्याचा अर्थ आहे. एवढ्या मोठ्या देशाच्या संविधानात हॉटेलचा वेगळा उल्लेख आहे! तो का आहे, हे बडोद्याची गोष्ट ऐकल्यावर सहज कळते. दार बंद झाल्यावर मनाला काय लागते, हे मसुदा समितीच्या अध्यक्षांना अनुभवाने ठाऊक होते.

आणि हा विचार आपल्या मातीला नवा नाही. शेरशहा सूरीने आपल्या मोठ्या रस्त्यावर ठिकठिकाणी सराया बांधल्या. त्यांत हिंदू आणि मुसलमान या दोघांचीही सोय होती. अहिल्याबाई होळकरांनी देशभरातल्या तीर्थांच्या ठिकाणी धर्मशाळा, घाट आणि विहिरी बांधल्या. संत गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावे झाडली, स्वतःसाठी घर बांधले नाही, पण यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची त्यांची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी पुढे बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेला दिली. ज्या ससून रुग्णालयात आम्ही गेलो, ते १८६७ साली डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिले. ससून हे बगदादहून आलेले ज्यू व्यापारी. तेही एके काळी या देशात परके मुसाफिरच होते. आपल्या घरीही लहानपणापासून आपण ऐकतो की जकातीच्या हकदारांत मुसाफिराचे नाव आहे. म्हणजे वाटसरूला आसरा देणे ही कोणा एकाची शिकवण नाही. ती सर्वांची आहे.

मित्रांनो, दुसऱ्याचा दोष सांगताना आपल्याकडेही पाहिले पाहिजे. आपल्या मोहल्ल्यात बाहेरच्या प्रांतातला एखादा मजूर भाड्याने खोली मागायला येतो. तेव्हा त्याची भाषा, जात किंवा धर्म पाहून आपणही “खोली शिल्लक नाही” असे म्हणतो का? म्हणत असू, तर त्या पहिल्या लॉजच्या व्यवस्थापकात आणि आपल्यात काय अंतर राहिले?

मुसाफिराचीही काही कर्तव्ये असतात. ओळखपत्र जवळ ठेवावे. वहीत खरे नाव आणि खरा पत्ता लिहावा. खोली घेण्याआधी भाडे आणि चोवीस तासांचा हिशेब कधीपासून धरणार, हे स्पष्ट विचारावे. पैशांची पावती घ्यावी. भिंतीवर थुंकू नये, नळ उघडा टाकू नये, रात्री मोठ्याने बोलू नये. आपण गेल्यावर त्याच कॉटवर दुसरा थकलेला माणूस झोपणार आहे, हे विसरू नये.

वर्गातल्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याने मला आणखी एक प्रश्न विचारला होता. “सर, तुम्ही त्या माणसाला जाब का विचारला नाही?” त्या वेळी मी म्हणालो, “अब्बा थकले होते.” ते खरे होते, पण पूर्ण खरे नव्हते. मीही घाबरलो होतो. रात्रीची वेळ, परके शहर आणि वर हुज्जत कशाला, असे मला वाटले. आज मला वाटते की परतीच्या दिवशी तरी मी तिथे जायला हवे होते. आवाज न चढवता विचारायला हवे होते, “भाऊ, तुमच्याकडे खोली होती. मग मला का दिली नाही?” कदाचित त्याने उत्तर दिले नसते. पण पुढच्या वेळी कोणाचे नाव वाचताना तो क्षणभर थांबला असता. आपण गप्प राहिलो की अन्याय करणाऱ्याला आपण अन्याय करतो आहोत हेही कळत नाही.

दुसऱ्या लॉजमध्ये मात्र मी परत गेलो. निघण्याआधी अब्बांनी त्या वयस्कर गृहस्थांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांना मराठी फारशी बोलता येत नाही. ते म्हणाले, “भाऊ, पाणी फार गरम होतं.” गृहस्थ हसले आणि म्हणाले, “चाचा, पुन्हा या. पण दवाखान्यासाठी नको, पुणे बघायला या.”

तुमच्यापैकी काही जण उद्या शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी मोठ्या शहरांत जातील. कोणी सांगावे, तुमच्यापैकीच कोणी एखाद्या स्टेशनसमोर लॉज चालवील. काउंटरच्या अलीकडे उभे राहिलात तर आपला हक्क ओळखा आणि तो नम्रपणे मागा. काउंटरच्या पलीकडे बसलात तर समोरच्या माणसाचे नाव वहीत नीट लिहा, आणि मग त्याला विचारा, “जिना चढवेल का?”